निळी वायर, पांढरी वायर

डिस्प्लेवर खूण उमटली म्हणजे ब्रेक लागणारच, असं आम्हालाही वाटत होतं. दोन टनांचं घर गाडीला बांधून डोंगरात निघालेल्या एका कुटुंबाच्या वाया गेलेल्या शनिवारची गोष्ट.

कल्पना करा, तुम्ही गाडी चालवताय आणि तुमचंच घर मागून तुम्हाला ढकलतंय. ओटा, फ्रिज, दोन बेड, पाण्याची टाकी, आईनं कोंबलेले चकलीचे डबे, सगळं मिळून साधारण दोन टन. चढावर हे घर मुकाट्यानं मागे येतं. उतार लागला की मात्र त्याला तुमच्याआधी पोचायची घाई होते.

तर मंडळी, असं एक घर आमच्याकडे आहे. डेन्व्हरला येऊन आठ वर्षं झाली. शेजारीपाजारी दर शुक्रवारी डोंगरात पळतात, आपणच काय घरात मेथी निवडत बसायचं, म्हणून गेल्या वर्षी एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. सिनेमाचा ट्रेलर नव्हे हो, चाकांवरचं वन रूम किचन. पिकअपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची टोपी बसवायची, वायरींचा प्लग लावायचा आणि सुटायचं. हौस नवऱ्याची, हप्ता दोघांचा.

त्यात माझे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आईचं छान चाललं होतं. नातीच्या वेण्या, मंदिरातलं भजन, इतर आयांबरोबर मॉलच्या चकरा. बाबांचं मात्र काही खरं नव्हतं. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, तब्बल ३१ वर्षं. अशा माणसाला सोफ्यावर बसवून हातात रिमोट दिला तर तो काय करणार? "इथे काही बिघडतच नाही गं," असं ते एकदा म्हणाले. कौतुकानं म्हणाले की तक्रारीनं, ते मला कळलं नाही. बिघडायचं खरं तर सगळंच, पण आम्ही ते फेकायचो आणि नवीन मागवायचो. एकदा टेबल लॅम्प उघडून बघतो म्हणाले, तर नवरा म्हणाला, "बाबा, कशाला त्रास घेताय, उद्या येईल नवीन." प्रेमानंच म्हणाला. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

त्यांच्या परतीच्या तिकिटाला दहा दिवस उरले होते आणि मध्ये एकच वीकेंड मोकळा होता. डिलन तलावाच्या काठचं कॅम्पग्राउंड मी चार महिने आधी बुक केलेलं. शनिवार, रविवार, आणि सोमवारी दोघांचीही रजा.

हा रस्ता कसा आहे ते आधी सांगते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोब्बर एक मैल उंचीवर. तिथून आय-सेव्हंटी हायवे पश्चिमेला चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो, तो ११,००० फुटांच्याही वर. बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत उतारच उतार, काही मैलांत दोन हजार फुटांहून जास्त खाली. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी रस्त्याच्या बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत. सुटलेला ट्रक त्यात घुसवायचा आणि खडीत रुतवायचा. आपला बोरघाट आठवा. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, पण तो उतार आहे तिथेच आहे. सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलं की ब्रेक तापून काय होतं, हे पुणे-मुंबई करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर कसा जीव मुठीत धरून जातो ते तुम्ही बघितलंच असेल. त्या ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेकच नसतो. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्यानंच लागतात. आमच्यासारख्या ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की डॅशबोर्डखालचा ब्रेक कंट्रोलर निळ्या वायरीतून करंट सोडतो. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटू बघतो, ड्रम त्याला ओढत नेतो, त्या ओढीनं एक लिव्हर हलतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. मग हा करंट पांढऱ्या वायरीतून परत गाडीकडे येतो. जाताना निळी, येताना पांढरी. एवढाच फंडा. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शनिवार, सकाळचे साडेसहा. प्लग लावला. कंट्रोलरवर ट्रेलर जोडल्याची खूण उमटली. मागे जाऊन बघितलं, इंडिकेटर, टेल लाइट, सगळं लखलखीत. आईनं "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं आणि आम्ही निघालो. कॉलनीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला, धप्पकन आदळलो आणि डिस्प्लेवरची खूण गेली. दोन सेकंदांनी परत आली. पुढच्या वळणावर पुन्हा गायब.

नवऱ्यानं एका बंद दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी घेतली. कंट्रोलरवर एक छोटी दांडी असते. ती सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, गाडीचे नाही. ताशी २० मैलांवर त्यानं ती पूर्ण सरकवली. खरं म्हणजे मागून कुणीतरी कॉलर धरल्यासारखं वाटायला हवं. काही नाही. दुसऱ्यांदा किंचित हिसका. तिसऱ्यांदा पुन्हा काही नाही.

"कंट्रोलर गेला," नवरा म्हणाला. "तसाही जुनाच आहे, नवीन मागवतो. आज हळू जाऊ. पिकअपचे ब्रेक दणकट आहेत, लो गिअरमध्ये उतरू."

मी गप्प. चार महिन्यांपूर्वीचं बुकिंग, पैसे परत मिळणार नव्हते. मागे सहा वर्षांची कन्या मार्शमेलोचं पाकीट छातीशी धरून बसलेली. खोटं कशाला बोलू, मी 'चल' म्हणणारच होते.

तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "जावईबापू, गाडी डेपोबाहेर जाणार नाही."

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज असा लागला होता. नवऱ्यानं आरशात बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे ब्रेकची तक्रार असलेली गाडी आम्ही मार्गावर सोडत नव्हतो. पॅसेंजर कितीही ओरडू देत." मग आवाज खाली आणून, "गाडी तुमची आहे, तुम्ही ठरवा. पण आम्ही दोघं इथेच उतरतो. आणि नातीलाही उतरवून घेतो."

गाडीत असं काही टेन्शन पसरलं म्हणता! आईसुद्धा बोलेना, म्हणजे बघा. नवऱ्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. मग त्यानं एक शब्द न बोलता यू-टर्न घेतला.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमचा पहिला नियम असा, की बग कुठल्या अर्ध्या भागात आहे ते आधी ठरवायचं. घरी आल्यावर ट्रेलर सोडवला. आता पिकअपच्या मागच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये ब्रेकचा करंट येतोय का, एवढंच बघायचं. येत असेल तर दोष ट्रेलरमध्ये, नसेल तर गाडीत. नवऱ्याला आत बसवलं, मी मल्टिमीटर घेतला. लाल टोक निळ्या वायरीच्या पिनला, काळं टोक पांढरीच्या पिनला. "सरकव!" मीटरवर झकास १२ व्होल्ट. टेस्ट पास! "गाडी ओके आहे, दोष ट्रेलरचा," असं मी जाहीर करून टाकलं.

बाबांनी मीटरकडे असं बघितलं, जसं आई रेडिमेड उकडीच्या मोदकांकडे बघते. "याला चालायला करंट किती लागतो?"

"कुणाला?"

"या मीटरला. जवळजवळ काहीच नाही. वायरीचा एक केस शिल्लक असला तरी हा बाराच दाखवणार. आणि त्या मॅग्नेटना किती लागतो?"

मी फोनवर शोधलं. एका मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर. चार चाकांचे मिळून १२.

"मग बारा अँपिअर उचलणाऱ्या पैलवानाची परीक्षा तू त्याला कुरमुरे उचलायला लावून घेतेयस."

बाबांना घेऊन ऑटो पार्ट्सच्या दुकानात गेले. सहा महिन्यांत मॉल झाले, म्युझियम झालं, पण त्यांना इतकं रमलेलं मी कुठेच बघितलं नव्हतं. प्रत्येक रॅकसमोर थांबत होते. इंडिकेटरचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन हात वायर आणि दोन क्लिपा घेतल्या. झाला टेस्ट लॅम्प तयार. "आमच्याकडे चोवीस व्होल्टचा असायचा," एवढंच म्हणाले. हा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर पेटला की पावणेदोन अँपिअर खातो. मीटरसारखा उपाशी काम करत नाही.

घरी येऊन बाबांनी एक टोक निळीच्या पिनला टेकवलं. दुसरं, हाताच्या सवयीनं, चेसिसच्या एका स्वच्छ बोल्टला लावलं. एसटी असो की तुमची बाइक, करंटचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी, आपल्या भाषेत 'अर्थ'. नवऱ्यानं दांडी सरकवली. बल्ब लख्ख पेटला आणि बाबांचा चेहरा पडला. "ओके आहे गाडी," ते हळूच म्हणाले.

म्हणजे माझी टेस्ट पास, त्यांचीही पास, आणि ब्रेक तर लागत नव्हते. ऑफिसमध्ये असं झालं की समजायचं, टेस्ट केसच चुकलीय.

आईनं पोहे आणले. पोहे खाता खाता मी एका पाकिटाच्या पाठीमागे चित्र काढलं. निळी जाते, पांढरी येते. काढता काढता डोक्यात ट्यूब पेटली. "बाबा, तुमच्या त्या बोल्टला ट्रेलर कुठे शिवतोय? त्याचा करंट तर पांढऱ्या पिनमधूनच परत येणार."

बाबा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे तू गाडी बरोबर रस्त्यानं पाठवलीस, पण रिकामी. मी भरून पाठवली, पण भलत्याच रस्त्यानं."

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. बल्बचं एक टोक निळ्या पिनला, दुसरं पांढऱ्या पिनला. "सरकवा!" बल्ब पेटला, पण कसा? देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखा, लालसर, मेल्याहून मेल्यासारखा. बाबांनी बंपरखालची वायर जरा हलवली, तर तोही विझला.

सापडला की!

पांढऱ्या वायरीचा माग काढत बाबा पिकअपखाली आडवे झाले. वय वर्षं ६८, आई दारातून ओरडतेय, बाबांना ऐकू येत नाहीये. बंपरच्या आत, चेसिसला एका स्क्रूनं पांढऱ्या वायरीची थिंबल कसलेली होती. म्हणजे कधीकाळी असावी. आता तिथे हिरवट-पांढरी भुकटी आणि तांब्याचे दोन-तीन धागे उरले होते. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी फवारतात. शेवटी तेही एक मीठच. चाकांबरोबर ते गाडीखाली उडतं, चिकटतं, ओलावा धरून ठेवतं आणि उघड्या जोडाला खात बसतं.

आता हिशेब बघा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. चार मॅग्नेट मिळून रोध साधारण एक ओहम. वाटेत गंजानं फक्त दोन ओहम घातले, तर १२ पैकी ८ व्होल्ट त्या गंजातच खर्च. मॅग्नेटच्या वाट्याला येतात ४. करंटही १२ अँपिअरऐवजी ४. म्हणजे ब्रेक नावालाच. मीटर मात्र जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे त्याला हे दोन ओहम दिसतच नाहीत. तो आपला खुशाल १२ दाखवतो.

मग दिवे कसे लागत होते? ते एलईडी, त्यांना नखभर करंट पुरतो. आणि डिस्प्लेवरची खूण? पांढरा रस्ता बंद पडला की करंट चोरवाट शोधतो. ट्रेलरच्या सांगाड्यातून, त्या लोखंडी गोळ्यावरून, पिकअपच्या चेसिसमध्ये. गाडी उभी असताना गोळा आणि टोपी घट्ट टेकलेले असतात, म्हणून खूण दिसायची. गोळ्याला ग्रीस लावलेलं. स्पीडब्रेकरवर टोपी जराशी हलली की चोरवाट बंद. कंट्रोलर बिचारा निर्दोष सुटला. नवऱ्यानं फोन काढून ऑनलाइन ऑर्डर गुपचूप कॅन्सल केली, ते मी बघितलं.

पुढचे दोन तास सासरे-जावई पिकअपखाली, बाहेर फक्त चार पाय. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापली. नवीन थिंबल दाबून बसवली, त्यावर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. चेसिसचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू काढला, दातेरी वायशर घालून नवीन बोल्ट कसला आणि वरून ग्रीस फासलं. "दहाचा पाना द्या." "हा घ्या." "हा बाराचा आहे, जावईबापू." मध्येच दोघांचं हसणं ऐकू यायचं. काय बोलत होते देव जाणे. सकाळचे लाल कान एव्हाना काळे झाले होते, ग्रीसनं.

पुन्हा बल्ब लावला. निळ्या-पांढऱ्यात, पूर्ण लख्ख.

मग ट्रेलर जोडून शेवटची परीक्षा नातीनं घेतली. तिच्या खेळण्यातलं होकायंत्र चाकाच्या आतल्या बाजूला ड्रमजवळ धरायचं आणि वडिलांनी दांडी सरकवायची. मॅग्नेट जिवंत झाला की सुई जागा सोडते. चारही चाकांवर सुई गर्रकन फिरली. "आजोबा, जादू!" "जादू नाही गं, करंट."

संध्याकाळी त्याच रिकाम्या पार्किंगमध्ये, ताशी २५ मैलांवर, दांडी सरकवली. मागून कुणीतरी कॉलर धरली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कंट्रोलरचा जोर थोडा थोडा वाढवत नेला. चाकं जाम होऊन घसटायला लागली, तिथून जरासा कमी केला. झालं सेटिंग.

रविवारी सकाळी निघालो. दोनऐवजी एकच रात्र मिळाली. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तो उतार समोर आला तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. लो गिअर, अधूनमधून ब्रेक, मध्ये पाय काढून ब्रेकला थंड व्हायला वेळ. दर वेळी मागचं घर शहाण्यासारखं स्वतःला आवरत होतं. उजवीकडे खडीचा चढ दिसला. बाबांनी मान वळवून तो शेवटपर्यंत बघितला. नवऱ्यानंही बघितला. दोघंही काही बोलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो कोथरूडला नाहीतर ठाण्याला, आम्हाला ट्रेलरचं काय? बरोबर आहे. पण तुमच्या बाइकचा हॉर्न घोगरा झालाय, हेडलाइट पिवळट पडलाय, गाडीचा स्टार्टर नुसता टिकटिक करतोय, आणि मीटर मात्र बॅटरी उत्तम म्हणतोय? मग नवीन बॅटरीचे पैसे मोजण्याआधी बॅटरीची टर्मिनल्स आणि अर्थचा बोल्ट बघा. गंज तिथेही असाच बसतो, आणि मीटर तिथेही असाच खोटी ग्वाही देतो. खरं काय ते भार टाकल्यावर कळतं.

आणि आता जरा खासगी. आठ वर्षं मी दर रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल करतेय. जेवलात का, गुडघा कसा आहे, इकडे सगळं छान. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, डिस्प्लेवर खूण. त्या फोनवर मी बाबांना एकही खरी अडचण कधी सांगितली नव्हती, उगाच काळजी नको म्हणून. त्यांना करायला काही काम आपण ठेवलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं ते त्यांचे पाय पिकअपखालून बाहेर आलेले बघताना.

बाबा परत गेले, ती कुजलेली थिंबल कागदाच्या पुडीत बांधून. परवाच्या कॉलवर मी "जेवलात का" म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "बर्फ सुरू झाला ना तिकडे? मीठ मारायला लागले असतील. पांढरी वायर बघितलीस का?"

बघितली नव्हती. फोन हातात धरूनच खाली गेले. बाबा म्हणाले, "कॅमेरा जरा आत घे. अजून. हां, आता दिसतंय."

चौकट

ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत? या क्रमानं बघा

१. आधी प्लग आणि सॉकेट. पिना हिरव्या-काळ्या पडल्यात का? ब्रशनं घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बऱ्याचदा दोष इथेच संपतो.

२. दोष गाडीत की ट्रेलरमध्ये? प्लग काढा. एकानं आतून कंट्रोलरची दांडी पूर्ण सरकवावी, दुसऱ्यानं सॉकेटच्या ब्रेक पिन आणि अर्थ पिनमध्ये बल्ब लावावा. लख्ख पेटला तर गाडी ठीक. कंपनीकडूनच बसून आलेले काही कंट्रोलर ट्रेलर जोडल्याशिवाय करंट देत नाहीत. तिथे प्लग लावून ट्रेलरच्या जंक्शन बॉक्समध्ये तपासा.

३. बल्ब मंद? दुसरं टोक अर्थ पिनवरून काढून चेसिसच्या स्वच्छ धातूला लावा. आता लख्ख पेटला तर पांढऱ्या वायरीचा अर्थ खराब. अजूनही मंद असेल तर निळी वायर आणि कंट्रोलरचा स्वतःचा सप्लाय व अर्थ बघा.

४. बल्ब पेटतच नाही? फ्यूज आणि रिले बघा. दांडीनं ब्रेक लागतात पण पेडलनं लागत नाहीत, असं असेल तर ब्रेक लाइटच्या स्विचकडून कंट्रोलरला येणारी वायर तपासा.

५. गाडी ठीक, मग ट्रेलर. जंक्शन बॉक्समधले सैल जोड, अॅक्सलच्या नळीतून जाणारी आणि आत घासून सोलली जाणारी वायर, आणि हिवाळाभर उभ्या ट्रेलरमध्ये उंदरांनी केलेली मेजवानी.

६. रंगांवर सगळा भरवसा नको. ब्रेकला निळी आणि अर्थला पांढरी हे बहुतेक जण पाळतात. बाकीच्या वायरींचे रंग वेगवेगळ्या पद्धतींत वेगळे असतात. मॅन्युअलमध्ये पिनची जागा बघून चाला.

७. ब्रेकअवे स्विच विसरू नका. ट्रेलर गाडीपासून सुटलाच, तर केबलनं याची खिट्टी ओढली जाते आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. तपासताना सात पिनचा प्लग आधी काढा, खिट्टी ओढा, चाकं धरतात का ते बघा आणि खिट्टी लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरेल.

८. निघण्याआधी, दर वेळी, रिकाम्या जागेत हळू वेगात दांडी सरकवून बघा. कॉलर धरल्यासारखं वाटलं नाही, तर गाडी डेपोबाहेर जाणार नाही.